मार्गारेट रिव्हरची वाइन कोच टूर: बुकिंगपासून बाटल्या घरी आणेपर्यंत काय, कधी आणि कुठल्या क्रमाने करायचं

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पर्थला जाऊन आलेल्यांकडून तिथल्या मार्गारेट रिव्हर या वाइनच्या भागाबद्दल दोनच तक्रारी ऐकू येतात. एक म्हणजे "दिवसभर बसमध्येच बसलो, समुद्र धड बघितलाच नाही", आणि दुसरी "तिसऱ्या वायनरीनंतर सगळ्या वाइन सारख्याच लागायला लागल्या आणि डोकं दुखायला लागलं". या दोन्ही तक्रारींना बस, गाइड किंवा वायनरी (वाइन बनवायची जागा) जबाबदार नसते. टूर निवडतानाच दिवस जास्त ठासून भरलेला असतो, आणि खाणं-पिणं-पाणी यांचा क्रम चुकलेला असतो. आरामात व्हायला हवी अशी टूर मग धावपळीची होते.

म्हणून हा लेख क्रमाने लिहिलाय आणि क्रमानेच वाचा, कारण पहिल्या तीन टप्प्यांत चुकलं तर पुढे फारसं काही सुधारता येत नाही.

## १. आधी नकाशा बघा, मग टूर

मार्गारेट रिव्हर हे पर्थच्या दक्षिणेला साधारण २७० किलोमीटरवर आहे. कारने तीन तास, आणि कोचने, म्हणजे टूरच्या मोठ्या बसने, मधला चहा-टॉयलेटचा थांबा धरून साडेतीन. वाइनचा हा पट्टा उत्तरेला केप नॅचरलिस्ट आणि दक्षिणेला केप ल्यूविन या दोन दीपगृहांच्या मध्ये पसरलाय, म्हणजे जवळजवळ १०० किलोमीटर लांबीचा. ही लांबी लोकांच्या लक्षातच येत नाही. 'मार्गारेट रिव्हर' म्हटलं की एक छोटं गाव डोळ्यासमोर येतं आणि सगळं चालत चालत होईल असं वाटतं.

आता पर्थहून एका दिवसात जाऊन यायचं गणित करा. सकाळी ७ ला निघालात तर साडेदहाला पोचता, परत ८ च्या आत यायचं तर साडेचारला निघावं लागतं. हातात उरले सहा तास, त्यात जेवण आहे, वायनऱ्या आहेत, गुहा आहे, दीपगृह आहे, आणि या सगळ्यांच्या मधलं अंतर तर आहेच. माझं स्पष्ट मत आहे की ज्याला निवांत टूर हवी आहे त्याने पर्थहून एकदिवसीय टूर घेऊच नये. याच भागातल्या बसेलटन, डन्सबरो किंवा मार्गारेट रिव्हर गावात दोन रात्री राहा आणि तिथून निघणारी दिवसभराची टूर घ्या. गाडी चालवायची नसेल तरी अडत नाही, पर्थहून ट्रान्सडब्ल्यूए आणि साउथ वेस्ट कोच लाइन्स यांच्या बस या भागात जातात.

चेक: टूरच्या पानावर 'पिकअप' कुठून लिहिलाय ते बघा. पर्थ लिहिलं असेल तर ती वर सांगितलेली लांबची टूर, मग फोटो कितीही सुंदर असोत.

## २. महिना ठरवताना नक्की काय हवंय ते ठरवा

आपल्याकडे मे-जूनच्या सुट्टीत जायची सवय आहे, पण तिथे तेव्हा हिवाळा सुरू होतो आणि तिथला पाऊस हिवाळ्यातच पडतो. साधारण मे ते सप्टेंबर. वेलींना पानं नसतात, काड्याच दिसतात, आणि जूनमध्ये पाचच्या सुमारास सूर्य मावळतो म्हणजे टूरचा शेवटचा थांबा संधिप्रकाशात जातो. तरीही हिवाळा वाईट असं नाही, गर्दी कमी, काउंटरवरचा माणूस तुमच्याशी निवांत बोलतो, आणि जून ते ऑगस्टमध्ये दक्षिणेला ऑगस्टाच्या किनाऱ्याजवळ व्हेल येतात. सप्टेंबरपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत त्या डन्सबरोच्या बाजूला दिसतात, आणि त्याच काळात रानफुलंही असतात. मला विचाराल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात चांगला.

द्राक्षं वेलीवर बघायची असतील तर जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत जा. तोडणी साधारण फेब्रुवारी ते एप्रिल चालते, आधी पांढऱ्या वाइनची द्राक्षं आणि मग लाल. या दिवसांत वेलींच्या रांगांवर लांबच लांब पांढऱ्या जाळ्या टाकलेल्या दिसतात, बसमधून बघितलं तर मळ्यावर कापड वाळत घातल्यासारखं वाटतं. ते पक्ष्यांसाठी आहे. सिल्व्हरआय नावाचा चिमणीपेक्षाही लहान पक्षी मारी झाडाच्या फुलांतला मध खातो, आणि ज्या वर्षी मारी नीट फुलत नाही त्या वर्षी तो द्राक्षांवर तुटून पडतो. म्हणून फोटोसाठी जाळी उचलायची नाही, आत हात घालून द्राक्ष तोडायचं तर अजिबात नाही.

लक्ष द्या: नाताळच्या दिवशी आणि गुड फ्रायडेला बऱ्याच वायनऱ्या बंद असतात. जानेवारीत आणि ईस्टरला तिथल्या शाळांच्या सुट्ट्या, तेव्हा हॉटेल आणि टूर दोन्ही खूप आधी भरतात.

## ३. इटिनररी वाचायची कशी

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. यादीत जितके जास्त थांबे तितकी टूर 'वसूल' असं वाटतं, आणि वाइन टूरमध्ये ते बरोबर उलटं असतं.

सेलर डोअर म्हणजे वायनरीचं स्वतःचं टेस्टिंग आणि विक्रीचं काउंटर. ही काउंटर साधारण सकाळी १० ते संध्याकाळी ५ उघडी असतात, म्हणजे दिवस सात तासांचाच. त्यातून जेवणाचा सव्वा तास काढा, एकूण प्रवासाचा सव्वा तास काढा, उरले साडेचार. एका कोचभर माणसांचं टेस्टिंग नीट व्हायला पाऊण ते एक तास लागतो, कारण सगळे उतरणार, टॉयलेटला जाणार, उभे राहणार, मग ओतायला सुरुवात होणार. तीन वायनऱ्या म्हणजे जवळपास तीन तास. उरलेल्या दीड तासात एक समुद्राचा थांबा आणि एखादा चॉकलेट किंवा चीजचा थांबा, बस एवढंच निवांतपणे बसतं.

टूरमध्ये पाच वायनऱ्या, गुहा, दीपगृह आणि बसेलटन जेटी असं सगळं एका दिवसात लिहिलं असेल तर सोडून द्या. बसेलटनची जेटी १८४१ मीटर लांब आहे, चालत टोकापर्यंत जाऊन यायलाच तासाच्या आसपास लागतो, त्यावर छोटी ट्रेन आहे पण तिच्या वेळा ठरलेल्या असतात. 'जेटी व्हिजिट, २० मिनिटं' याचा अर्थ लांबून फोटो.

वाचताना हे शब्द शोधा: 'टेस्टिंग इन्क्लूडेड' आणि 'स्टॉप ॲट' यात फरक आहे, दुसऱ्यात टेस्टिंग फी तुम्हाला भरावी लागू शकते. 'व्ह्यू' म्हणजे बसमधून किंवा पार्किंगमधून. 'लंच' आणि 'लाइट लंच' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लाइट लंच म्हणजे बरेचदा चीज, ब्रेड आणि ऑलिव्हची पाटी, आणि आपल्या माणसाचं त्यावर भागत नाही.

## ४. बुकिंग करण्याआधी ईमेल करून विचारायचं

फोनवर नको, ईमेलच करा म्हणजे उत्तर लेखी राहतं. हे विचारा:

- ग्रुप किती माणसांचा? २०-२२ च्या वर असेल तर काउंटरवर दोन गट पाडतात का?
- टेस्टिंग फी सगळीकडची धरलीये का?
- बसमध्ये टॉयलेट आहे का, नसेल तर दोन थांब्यांमधलं जास्तीत जास्त अंतर किती?
- पायऱ्या चढणं किती? घरात कोणाचे गुडघे दुखत असतील तर हा प्रश्न पहिला.
- वाइन न पिणाऱ्याला कमी दर आहे का, आणि त्याच्यासाठी तिथे काय असतं?
- मुलं चालतात का? तिथे दारू प्यायचं कायदेशीर वय १८ आहे, आणि काही वाइन टूर १८ च्या खालच्यांना घेतच नाहीत.

शाकाहारी असाल तर दोन गोष्टी वेगळ्या विचारा. जेवण तर आहेच, पण वाइनसुद्धा. वाइन नितळ करायला अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसीन, जिलेटिन किंवा माशाच्या पिशवीपासून काढलेला आयसिंग्लास वापरतात. अंडं आणि दूध यांची नोंद बाटलीवर सापडते, माशाची सापडेलच असं नाही. म्हणून "व्हेजिटेरियन आहे का" असं विचारून थांबू नका, "व्हीगन आहे का" विचारा, काउंटरवरच्यांना हा प्रश्न रोजचा आहे आणि ते लगेच सांगतात. चीजच्या थांब्यावरही रेनेट (दूध घट्ट करायला घालतात ते) प्राण्यांचं आहे का ते विचारून घ्या.

## ५. व्हिसा, खाऊ आणि औषधं

भारतीय पासपोर्टवर झटपट मिळणारा ईटीए (ऑनलाइन प्रवास परवाना) चालत नाही, व्हिजिटर व्हिसा म्हणजे सबक्लास ६०० लागतो. तो हातात आल्याशिवाय परत न मिळणाऱ्या पैशांची टूर बुक करू नका.

खाऊचं काय ते नीट समजून घ्या. ऑस्ट्रेलियात उतरताना बॅगेत जे काही खायचं असेल ते कार्डावर डिक्लेअर करायचं, चिवडा असो, लाडू असो की लोणचं. डिक्लेअर केलं आणि त्यांनी काढून घेतलं तर फक्त खाऊ जातो, लपवलं तर दंड. आणि एक गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते. तुम्ही आधी सिडनी-मेलबर्न करून मग पर्थला जात असाल तर वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचे स्वतःचे वेगळे नियम आहेत, दुसऱ्या राज्यातून ताजी फळं, भाज्या आणि मध आत नेता येत नाही. सिडनीत घेतलेली सफरचंदं विमानातच संपवा.

औषधांचा भाग गंभीर आहे. डायबेटिसच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर रिकाम्या पोटी वाइनमुळे एकदम खाली येऊ शकते. रक्त पातळ करायच्या, झोपेच्या आणि काही अँटिबायोटिक गोळ्यांबरोबर दारू चालत नाही. बस लागते म्हणून जी गोळी घेतात तिनेही गुंगी येते आणि वाइनने ती वाढते. तेव्हा निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना सरळ विचारा की दिवसभरात दोन ग्लास वाइन झाली तर चालेल का. त्यांनी नाही म्हटलं तर न पिणाऱ्याचं तिकीट काढा आणि मजेत जा, या भागात न पिता बघण्यासारखं खूप आहे.

## ६. आदली रात्र आणि सकाळ

वेळेचा फरक फक्त अडीच तासांचा आहे, पर्थ आपल्या पुढे. पण सकाळी ८ चा पिकअप म्हणजे आपल्या शरीराला साडेपाच वाजलेले असतात, म्हणून उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी टूर ठेवू नका, एक दिवस मध्ये जाऊ द्या.

सकाळी पोटभर नाश्ता करायचाच. अंडी, टोस्ट, पोहे-उपमा करून खायची सोय असेल तर तेही, काहीही चालेल पण पोटात आधार हवा. नुसत्या चहा-बिस्किटावर निघालेला माणूस साडेदहाच्या पहिल्या टेस्टिंगलाच गळतो.

बॅगेत काय: पाण्याची एक लिटरची बाटली, टोपी, सनस्क्रीन, पातळ जॅकेट, पासपोर्ट किंवा वयाचा पुरावा, एक पेन. जॅकेट उन्हाळ्यातही न्या, केप ल्यूविनला वारा असा असतो की टोपी हाताने धरून चालावं लागतं. ऊन ढगाळ दिवशीही भाजतं. बूट सपाट आणि पकड असलेले, कारण वायनरीची वाट खडीची आणि किनाऱ्याची वाट खडकाची असते.

काय नको: परफ्यूम, अत्तर, उग्र वासाचं केसांचं तेल. तुम्हालाच नाही, शेजारी उभ्या असलेल्या दहा जणांनाही वाइनचा वास येत नाही. टूथपेस्ट, मिंट, बडीशेप, वेलची, सुपारी हे सगळं टेस्टिंगच्या आधी अर्धा-पाऊण तास बंद. जेवणानंतर तोंडात काहीतरी टाकायची सवय असते, त्या दिवसापुरती बॅगेतच राहू द्या.

चेक: पिकअपची जागा आदल्या संध्याकाळी चालत जाऊन बघा. हॉटेलच्या दारातून असं समजून बसलेली माणसं समोरच्या कोपऱ्यावरचा कोच चुकवतात.

## ७. बसमध्ये कुठे बसायचं

खिडकीवरून भांडू नका, विशेषतः समुद्राच्या बाजूच्या. टूर ज्या केव्ह्ज रोडने जाते तो समुद्राला समांतर असला तरी बहुतेक भाग झाडीतून आणि मळ्यांमधून जातो, समुद्र दिसतो तो यालिंगप, ग्रेसटाउन, प्रेवेली, हॅमेलिन बे अशा फाट्यांवर आत वळल्यावर. रस्ता वळणांचा आहे, म्हणून ज्याला बस लागते त्याने पुढच्या दोन-तीन रांगांत बसावं. दक्षिणेला बोरानप इथे कॅरी नावाच्या झाडांचं जंगल लागतं, सरळसोट, साठ मीटरपर्यंत उंच, तिथे कुठल्याही बाजूला बसा, मान वर करावीच लागते.

सीटबेल्ट लावायचा, गाइड मध्येच उठू नका म्हणतो ते ऐकायचं. बसमध्ये बाटली उघडायची नाही, ऑपरेटरने स्वतःहून परवानगी दिली असेल तरच.

## ८. टेस्टिंग काउंटर: इथेच दिवस बनतो किंवा बिघडतो

आधी हिशोब. टेस्टिंगला एका वाइनचे साधारण २५ मिली ओततात आणि एका ठिकाणी सहा वाइन चाखवतात. म्हणजे एका थांब्यावर १५० मिली. चार थांबे केले तर ६०० मिली, आणि अख्खी बाटली ७५० ची असते. घोट घोट घेत असल्यामुळे कळत नाही, पण सगळं प्यायलात तर संध्याकाळपर्यंत जवळजवळ एक बाटली पोटात गेलेली असते. ऑस्ट्रेलियात १० ग्रॅम अल्कोहोल म्हणजे एक 'स्टँडर्ड ड्रिंक', साधारण १०० मिली वाइनमध्ये तेवढं असतं, आणि पूर्ण बाटलीत किती ड्रिंक्स आहेत तो आकडा प्रत्येक बाटलीवर छापलेला असतो. तो वाचायची सवय लावा.

यावर उपाय काउंटरवरच ठेवलेला असतो. ते बादलीसारखं किंवा उभट भांडं थुंकण्यासाठी असतं, त्याला स्पिटून म्हणतात. आपल्याला चारचौघांत थुंकायला फार जड जातं, शिवाय ताटात टाकायचं नाही हे लहानपणापासून अंगात भिनलेलं, आणि फी भरलेली असते ती वेगळीच. पण तिथे वाइन बनवणारे स्वतः दिवसभर थुंकतच चाखतात, त्यात कोणाचाही अपमान नाही. थुंकणं जमतच नसेल तर एक घोट घ्या आणि उरलेली त्याच भांड्यात ओता. एक वाइन आवडली तर तेवढी प्या, बाकीच्या ओतून द्या.

चाखायचा क्रम काउंटरवाले लावतातच: आधी स्पार्कलिंग (बुडबुड्यांची) असेल तर ती, मग पांढरी, मग रोझे (गुलाबी), मग लाल, शेवटी गोड. हा क्रम मोडू नका. "मला फक्त रेड द्या" म्हणून आधी कॅबर्ने घेतली आणि नंतर बायकोच्या ग्लासातली पांढरी चाखली की ती पाण्यासारखीच लागणार. इथली ओळख तीन गोष्टींची आहे, लाल कॅबर्ने सोविन्यॉं, पांढरी शार्डने, आणि सेमियॉन-सोविन्यॉं ब्लां असं पांढरं मिश्रण. पहिल्यांदाच पीत असाल तर या मिश्रणापासून सुरुवात करा, ताजंतवानं, लिंबाच्या अंगाने जाणारं असतं, लगेच जमतं. कॅबर्ने पहिल्या घोटाला जीभ आवळते, कच्च्या सुपारीसारखी, ते टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतला तुरटपणा आहे, वाइन खराब नाही.

एक एक वाइन अशी घ्या:

१) ग्लास देठाला धरा, वाडग्याला नाही, हाताच्या उबेने वाइन तापते.
२) न हलवता वास घ्या, मग हलकेच गोल फिरवून परत घ्या. दुसरा वास वेगळा येतो.
३) छोटा घोट, तोंडभर फिरवा, चार-पाच सेकंद थांबा.
४) गिळा किंवा थुंका, आणि मग चव किती वेळ टिकते ते बघा.
५) आवडली तर कागदावर लगेच खूण करा. संध्याकाळी नाव आठवत नाही, लेबलचा फोटो काढला तरी कुठली आवडली होती ते फोटो सांगत नाही.
६) पाण्याचे दोन घोट, मग पुढची.

लक्ष द्या: प्रत्येक थांब्यावरून बसमध्ये चढण्याआधी एक ग्लास पाणी पूर्ण. डोकेदुखीचा निम्मा प्रश्न यानेच सुटतो. आणि कोणाला जास्त झालेली दिसली की काउंटरवाला पुढची ओतायला नकार देऊ शकतो, नशेत असलेल्याला दारू देणं तिथे कायद्याने गुन्हा आहे. त्याच्याशी हुज्जत घालू नका.

## ९. जेवण

जेवण दुसऱ्या वायनरीनंतर यायला हवं, तिसऱ्यानंतर नाही. मेनूतून निवडायचं असेल तर भाजलेलं, चीजचं, बटाट्याचं घ्या, फार तिखट टाळा कारण त्यानंतरच्या वाइनची चव लागत नाही. जेवणाबरोबर ग्लास देत असतील तर तो तुमच्या दिवसाच्या हिशोबात धरा.

## १०. समुद्र, गुहा आणि दीपगृह

ज्यात शरीर वापरायचंय ते आधी आणि वाइन नंतर, हा क्रम पक्का ठेवा. लेक केव्हला तीनशेहून जास्त पायऱ्या आहेत, उतरून पुन्हा तेवढ्याच चढायच्या. ज्या टूरमध्ये गुहा दुपारी वायनऱ्यांनंतर आहे ती टूर ज्येष्ठांना नेऊ नका. निवांत टूर हवी असेल तर गुहा आणि केप ल्यूविन दुसऱ्या दिवशी वेगळं करा, मार्गारेट रिव्हरहून ऑगस्टा ४५ किलोमीटरवर आहे.

किनाऱ्यावर दोन धोके आहेत आणि दोन्ही वरवर दिसत नाहीत. पहिला, कॅनाल रॉक्ससारख्या जागी खडक ओला दिसला तर समजा लाट तिथपर्यंत येते, समुद्र शांत असतानाही मध्येच एक मोठी लाट येते, म्हणून ओल्या खडकावर जायचं नाही आणि समुद्राकडे पाठ करून सेल्फी नाही. दुसरा, चुनखडीच्या कड्याखाली सावली बघून बसायचं नाही. १९९६ मध्ये ग्रेसटाउनजवळच्या किनाऱ्यावर असाच कडा कोसळून ९ माणसं गेली. सावलीसाठी टोपी आहे, कडा नको.

हॅमेलिन बेला उन्हाळ्यात मोठे स्टिंग रे (चपटे, पंखांसारखे कल्ले असलेले मासे) अगदी घोट्याएवढ्या पाण्यात येतात, पंखांची कड हलवत पायापाशी सरकतात, पाणी इतकं स्वच्छ असतं की त्यांची वाळूवर पडलेली सावलीही दिसते. स्थिर उभे राहा, हात लावू नका, खायला घालू नका, आणि शेपटीच्या मागे तर उभंच राहू नका.

चेक: उतरण्याआधी गाइडने सांगितलेली परत यायची वेळ घड्याळात लावा. एक माणूस दहा मिनिटं उशिरा आला की पुढच्या वायनरीतलं सगळ्यांचं टेस्टिंग कापलं जातं, कारण तिथली वेळ बुक केलेली असते.

## ११. बाटल्या घेणं आणि घरी आणणं

पहिल्याच थांब्यावर खरेदी करू नका. एक काका पहिल्या वायनरीत सहा बाटल्यांचं खोकं घेऊन बसले, आणि नंतर दिवसभर "पुढची जास्त आवडली" म्हणत होते. खुणा केलेला कागद दुपारनंतर काढा, त्यातल्या दोन निवडा. ज्या वायनरीतून निघून आलाय तिथली हवी असेल तर गावातल्या वाइनच्या दुकानात बरेचदा मिळते. काही ठिकाणी बाटली घेतली की टेस्टिंग फी वजा करतात, विचारून घ्या.

किती घ्यायच्या? भारतात एका प्रवाशाला २ लिटरपर्यंत दारू ड्युटीशिवाय आणता येते. ७५० मिलीच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर. तिसरीने सव्वादोन होतात आणि ती ओलांडते. म्हणजे माणशी दोनच. आणि यात वाटेत सिंगापूर वगैरे ठिकाणी ड्युटी फ्रीमधून घेतलेली व्हिस्कीही मोजली जाते. जास्त आणायच्या असतील तर रेड चॅनलला जाऊन सांगा आणि ड्युटी भरा. कुरिअरने घरी मागवायचा विचार सोडा, प्रवाशाची ती सवलत पार्सलला लागू होत नाही.

बाटल्या चेक-इन बॅगेतच. आंतरराष्ट्रीय विमानात हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या वरचं द्रव चालत नाही. भरलेली बाटली सव्वा किलोच्या वर जाते, वजनाचा अंदाज आधी घ्या. गुंडाळायची पद्धत: आधी प्लास्टिकची घट्ट बंद पिशवी, मग जीन्स किंवा स्वेटरमध्ये दोन वेढे, मग बॅगेच्या मधोमध, चारही बाजूंनी मऊ कपडे. दोन बाटल्या एकमेकींना टेकू द्यायच्या नाहीत. बहुतेक बाटल्यांना फिरकीचं झाकण असतं, त्यामुळे कॉर्कस्क्रू घ्यायला नको.

उन्हाळ्यात बाटल्या बसच्या खालच्या डिकीत तासन्‌तास ठेवू नका, उष्णतेने वाइन बिघडते. वर आपल्या पायाशी सावलीत ठेवा, हॉटेलवर आल्यावर थंड जागी.

टॅक्स परत मिळण्याबद्दल खूप अर्धवट माहिती फिरते. ऑस्ट्रेलियात टूरिस्ट रिफंड स्कीम (टीआरएस) आहे, पण त्यासाठी एकाच एबीएन नंबरच्या (बिलावर छापलेला दुकानाचा व्यवसाय नोंदणी क्रमांक) दुकानातून किमान ३०० डॉलरची खरेदी हवी आणि ती निघण्याच्या आधीच्या ६० दिवसांतली हवी. तीन वायनऱ्यांची शंभर-शंभरची बिलं जोडून चालत नाहीत. वाइनवर जीएसटीशिवाय वाइनचा वेगळा टॅक्सही, किमतीच्या १४.५ टक्के, परत मिळतो, त्यामुळे रक्कम बरी असते. टॅक्स इन्व्हॉइस मागून घ्या, साधी पावती नको. पण ३०० चा आकडा गाठायला बाटल्या वाढवू नका, भारतात २ लिटरची मर्यादा तुमची वाट बघत असतेच.

रिफंड घ्यायचा असेल तर एअरपोर्टवर हा क्रम पाळा: बाटल्या चेक-इन करण्याआधी बॉर्डर फोर्सच्या (तिथल्या कस्टम्सच्या) काउंटरवर बाटल्या आणि इन्व्हॉइस दाखवा, ते तपासून शिक्का मारतात, मग बॅग चेक-इन करा, मग इमिग्रेशन झाल्यावर आत टीआरएसच्या काउंटरवर पासपोर्ट, बोर्डिंग पास आणि शिक्क्याचं इन्व्हॉइस द्या. बॅग आधी टाकली तर दाखवायला बाटलीच उरत नाही आणि रिफंड जातो. विमान सुटायच्या अर्धा तास आधी हे काउंटर तुमच्यासाठी बंद होतं, म्हणून त्या दिवशी नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा.